वाचकांचे प्रश्न : दाजीपूरकडं सॅलमँडर सापडेल का?

प्रश्न : मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ जंगलात लोक रात्री बॅटरी घेऊन सॅलमँडर शोधतात, असं वाचलं. राधानगरी-गगनबावड्यालाही पाऊस बदाबदा पडतो. मग इथं त्यांना कसं शोधायचं?
– एक वाचक, गारगोटी

उत्तर : सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर, सह्याद्रीत नाहीच. भारतात त्याचे भाईबंद पूर्व हिमालयात, दार्जिलिंगच्या बाजूला मिळतात. तुम्ही वाचलेल्या मध्य अमेरिकेतल्या बहुतेक जातींना फुप्फुसंच नसतात. त्या कातडीतून श्वास घेतात, म्हणून रात्रीच्या ओलीत बाहेर पडतात.

आपल्या मातीत शोधण्याजोगा आहे तो देवगांडूळ. बेडकासारखाच उभयचर, पण बिनपायाचा. आजऱ्यापलीकडच्या आंबोलीतून त्याची एक नवी जात २००३ मध्ये नोंदली गेली.

जून ते सप्टेंबर शोधा. उन्हाळ्यात माती वाळली की तो खोल जातो आणि खणणं फुकट जातं. भाताच्या बांधाची कड, ओढ्याकाठचा पालापाचोळा, कुजका ओंडका, शेणखताच्या ढिगाचा तळ या जागा बघा. कुदळ नकोच, एका घावात जनावर तुटतं. खुरपं आडवं धरून दोन-दोन बोटांचे थर खरवडत फूटभर खाली जा. दगड हातानं नव्हे, आकड्यानं उचला. पलीकडची कड आपल्याकडं ओढली की दगडाची आड राहते. खाली फुरसं असू शकतं.

बिचाऱ्याला लोक साप समजून मारतात, म्हणून ओळख पक्की हवी. वाळा हा गांडुळासारखा दिसणारा साप कोरडा असतो, अंगावर चकचकीत खवले असतात. देवगांडूळ ओला, बुळबुळीत. गांडुळासारख्या वळ्या दिसल्या तरी तोंड बघा: याला जबडा आणि दात असतात. डोळे कातडीखाली, पुसट ठिपक्यासारखे, कधी दिसतही नाहीत. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये बारीकशी स्पर्शिका असते.

हाताळायचाच झाला तर हात ओले करा. डासांचं मलम लावलेला हात अजिबात नको, त्याची कातडी सगळं शोषते. अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळं दिसलं तर फोटोही काढत बसू नका, दगड होता तसा ठेवा. मादी उठून गेली की अंडी सुकतात.

राधानगरी अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय दगड उलटू नका, स्वतःच्या शिवारात बघा. फोटो डोक्याचा बाजूनं आणि शेपटाकडच्या टोकाचा असे दोन घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून.