बालीला दहा दिवस जाणार आहोत. फिरता फिरता तिथली पारंपरिक कला शिकता येईल का? सोबत आठ वर्षांची मुलगी आहे.

शिकता येते. पण चांदी, लाकूडकाम, बाटिक, चित्रकला, गामेलान (तिथला धातूच्या वाद्यांचा ताफा) अशी जी यादी तुम्ही प्रश्नाखाली दिली आहे, तिच्यातल्या निम्म्या गोष्टींवर आधी काट मारा. पहिल्या खेपेला मीही असाच सपाटा लावला होता. पाचव्या दिवशी माझ्याकडे एक वेडीवाकडी अंगठी, मेणाचे डाग पडलेला रुमाल आणि अर्धवट कोरलेलं लाकडी पान होतं, आणि येत काहीच नव्हतं. दुसऱ्या खेपेला बालीतल्या उबुद या गावाजवळ एकाच घरात तीन आठवडे राहिले, तेव्हा कुठे थोडं हाताला लागलं.

सुरुवात अशा गोष्टीने करा जिला पैसे पडत नाहीत: चानांग सारी. रोज देवापुढे, दारात, दुकानाच्या उंबऱ्यावर, अगदी स्कूटरवरसुद्धा ठेवलेली पानाची चौकोनी टोपली दिसेल, ती. घरगुती होमस्टेमध्ये बायका अंगणात ती करत बसलेल्या असतात. आमच्या घरमालकीणबाईंना सगळे इबू म्हणायचे. त्या माडाच्या कोवळ्या, पिवळसर झापाची पाती दुमडायच्या, कडेला तिरका छेद द्यायच्या, सेमात म्हणजे बांबूची बारीक काडी खुपसून उरलेलं टोक मोडून टाकायच्या. संपला टाका. मला वाटलं, यात काय, लहानपणी आजीबरोबर पत्रावळी टोचल्यात की! पहिल्या तीन पात्या उभ्या चिरल्या. पानाच्या शिरा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने मी काडी घालत होते. ती आडवी घालायची, म्हणजे दोन-तीन शिरा एकदम धरून राहतात. इबूंनी हे बोलून नाही सांगितलं, माझं मनगट धरून फिरवलं.

आत काय असतं ते बघाच. पोरोसान नावाची छोटी पुडी असते: विड्याचं पान, चुना, सुपारी. म्हणजे आपला विडाच. त्यावर फुलं, तीही दिशा बघून: पांढरी पूर्वेला, तांबडी दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला, निळी किंवा हिरवी उत्तरेला. (हल्ली पुष्कळ ठिकाणी काडीऐवजी स्टेपलर चालतो. इबूंचं त्यावरचं मत छापण्यासारखं नाही.)

आता पैसे देऊन शिकायच्या गोष्टी. दोन-तीन तासांत हातात काही पडायला हवं असेल तर चांदी. चेलुक हे गाव त्याचंच, आणि उबुदमध्येही वर्ग आहेत. बहुतेक ठिकाणी 5 ग्रॅमच्या आसपास चांदी फीमध्ये धरलेली असते, जास्त लागली तर वजनावर वेगळे पैसे, म्हणून नक्षी ठरवण्याआधी विचारा. भाता पायाने मारायचा आणि ज्योत हाताने फिरवायची, हा ताल जमेपर्यंत माझा अर्धा वेळ गेला, सांधा जोडणारा डाग शेवटी शिकवणाऱ्यानेच दिला. शेवटी वस्तू लेरक नावाच्या फळाच्या फेसात घासून चकचकीत करतात. वास आला आणि ओळख पटली, हा तर आपल्या रिठ्याचा भाऊ!

लाकूडकामासाठी मास किंवा न्यूह कुनिंग ही गावं. इथे मात्र एक दिवस पुरत नाही, निदान तीन सकाळी काढा. कारागीर जमिनीवर बसतो आणि लाकूड तळपायांमध्ये धरतो, आवळून धरणारा शेगडा नाही, टेबल नाही. आपल्याला मांडी घालायची सवय असते, त्यामुळे गुडघे तरी कुरकुरत नाहीत. माझ्या शेजारचे युरोपातले पाहुणे दर दहा मिनिटांनी उभे राहायचे. मुखवट्यांचं काम बघायला मिळालं तर चुकवू नका. देवळातले पूजेचे मुखवटे पुले नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाचे करतात. तसला मुखवटा करायला शिकवा म्हणून गळ घालू नका, ते वर्कशॉपमधलं काम नव्हे.

गामेलान हा माझा जीव. वाद्यं जोडीने बनवतात आणि जोडीतल्या दोघांचा सूर मुद्दाम किंचित वेगळा ठेवतात, म्हणून तो नाद लाटेसारखा थरथरतो. एकाने पोलोस वाजवायचं, दुसऱ्याने सांगसिह, आणि दोघांच्या तुकड्यांतून एक धावती चाल उभी राहते. एका हाताने पट्टी वाजवायची आणि दुसऱ्याने आधीची पट्टी दाबून गप्प करायची. वाजवणं सोपं, गप्प करणं कठीण. वाद्य ओलांडायचं नाही, हे आपल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. उबुदमधल्या पुरी लुकिसान आणि आर्मा या दोन्ही संग्रहालयांत चित्रकला, कोरीवकाम, नृत्य, वादन असे छोटे वर्ग असतात. मुक्काम थोडा असेल तर तिथेच विचारा.

बाटिक शिका, मजा येते, पण ते मुळात जावाचं. बालीचं स्वतःचं कापड बघायचं असेल तर पूर्वेला तेंगानान गावात गेरिंगसिंग बघा. ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवायचे, मग विणताना नक्षी जुळवायची, म्हणजे पाटणच्या पटोळ्याची जात. गुजरातचे पटोळे एकेकाळी व्यापारातून त्या बेटांवर जायचे आणि तिथे पूजेच्या वस्त्रासारखे जपले जायचे. एका कापडाला वर्षं लागतात, तेव्हा तिथे नुसतं बसून बघा.

तारखा ठरवताना गालुंगान कधी येतो ते पाहा. हा सण दर 210 दिवसांनी येतो (2026 मध्ये 17 जूनला). त्या दिवसांत पुष्कळ वर्ग बंद असतात, पण रस्तोरस्ती पेंजोर, म्हणजे बांबूचे उंच सजवलेले खांब, उभे राहत असतात आणि हातभार लावायला कोणी नको म्हणत नाही. न्येपी, म्हणजे बालीचा मौनाचा दिवस, पाडव्याच्या सुमारास येतो. त्या दिवशी विमानतळसुद्धा 24 तास बंद. मात्र त्याआधीचे काही आठवडे गल्लोगल्ली ओगोह-ओगोह, म्हणजे राक्षसांचे भलेमोठे पुतळे, घडत असतात. आपल्या गणपतीच्या मांडवाची आठवण येईल.

तुमचे दहा दिवस असतील तर मी असं करेन: चानांग रोज सकाळी, चांदी एक दिवस, आणि लाकूड किंवा गामेलान यातलं एकच, तीन दिवस, एकाच शिक्षकाकडे. मुलीला ज्योत आणि छिन्नीपासून लांब ठेवा, तिला चानांगला बसवा. बारीक बोटांना ती काडी पटकन जमते, तुमच्या आधी जमेल.