बाविसाव्या वर्षी सायकल: रोग्लिचचं उदाहरण देताना

ताई, तुम्ही विचारलंय की भाचा बावीस वर्षांचा आहे, विद्यापीठाच्या संघातून लांब उडी मारायचा, आता ते सोडून रोड सायकलिंगमध्ये उतरायचं म्हणतोय, तर उशीर झालाय का? उशीर नक्कीच झालेला नाही. पण घरात तो ज्याचं उदाहरण देतोय त्या सायकलपटू प्रिमोझ रोग्लिचची गोष्ट बहुतेक ठिकाणी अर्धीच सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोग्लिच स्लोव्हेनियाचा, 1989 चा जन्म. त्याचा पहिला खेळ स्की जंपिंग, म्हणजे पायाला स्कीज बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन लांब उडी मारणं. 2007 मध्ये इटलीतल्या तार्विझिओला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत स्लोव्हेनियाच्या संघाने सुवर्ण जिंकलं, त्या संघात तो होता. त्याच वर्षी प्लानित्साच्या प्रचंड टेकडीवरून उडी मारताना तोल गेला आणि इतका वाईट आपटला की थेट हॉस्पिटल. या अपघातामुळे तो सायकलकडे वळला असं सर्रास लिहिलेलं दिसतं. ते मला पटत नाही, कारण त्यानंतरही तो 2011 पर्यंत उड्या मारत होता. या खेळात आपण सगळ्यात वर पोचणार नाही हे उमगल्यावर त्याने स्कीज ठेवल्या. तेव्हा तोही बाविशीतच होता.

2013 ला आद्रिया मोबिल या स्लोव्हेनियन सायकल संघात शिरला, तिथे तीन वर्षं काढली, 2015 मध्ये टूर ऑफ स्लोव्हेनिया जिंकली. 2016 ला मोठ्या डच संघाने घेतलं आणि त्याच मे महिन्यात जिरो द इतालिया या इटलीच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीच्या पहिल्याच दिवशी, नेदरलँड्समधल्या आपेल्डोर्नच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची शर्यत), तो टॉम ड्युमुलँच्या मागे दुसरा आला. फरक 0.022 सेकंदाचा! पुढच्याच आठवड्यात कियांतीच्या द्राक्षमळ्यांतली चाळीस किलोमीटरची टाइम ट्रायल त्याने जिंकली.

इथे थांबून बघा. दोन्ही वेळा तो रस्त्यावर एकटा होता. टाइम ट्रायलमध्ये पुढे-मागे कोणी नसतं, घड्याळाशी झुंज असते. हलकं शरीर, पायातला जोर, वाऱ्याला कमीत कमी अडेल असं अंग धरून ठेवणं, हे सगळं स्की जंपिंगवाल्याच्या अंगात मुरलेलं असतं. दम मात्र त्या खेळातून येत नाही. तो त्याच्या शरीरात मुळातच होता, उडीच्या खेळात कधी दिसला नव्हता एवढंच. भाच्याचं काय आहे ते चढावर सहा महिने घातल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

राहून गेलेली वर्षं दिसतात ती घोळक्यात. दीडशे-पावणेदोनशे सायकली, हँडलला हँडल लागेल इतक्या जवळ. युरोपातली मुलं बारा-तेराव्या वर्षापासून त्यात वाढतात. रोग्लिच चार वेळा व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत, जिंकला (2019, 2020, 2021, 2024), टोकियो ऑलिंपिकला टाइम ट्रायलचं सुवर्ण मिळवलं, तरी त्याचं पडणं काही थांबलं नाही. 2021 च्या पॅरिस–नीस या फ्रान्समधल्या आठवडाभराच्या शर्यतीत आघाडीवर असताना शेवटच्या दिवशी दोनदा पडला आणि शर्यत गेली. 2022 च्या टूर द फ्रान्समध्ये दगडी रस्त्यांच्या दिवशी खांदा निखळला, तर रस्त्याकडेला प्रेक्षकाच्या खुर्चीवर बसून त्याने तो स्वतःच बसवला. सगळी पडझड उशिरा सुरुवात केल्यामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, पण त्याचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये दोन वर्षांपूर्वी एक पळणारा मुलगा आला. कात्रजच्या घाटात पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांच्या पुढे. मला फार आनंद झाला, तिसऱ्याच आठवड्यात त्याला रांगेत घेतलं. त्याची नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर खिळलेली. पुढच्याने खड्डा चुकवायला वीतभर डावीकडे घेतलं, याचं पुढचं चाक त्या चाकाला घासलं, आणि हा खांद्यावर आपटला. गळ्याजवळचं हाड मोडलं. नजर दोन-तीन सायकली पुढे ठेवायची हे मी आधी शिकवायला हवं होतं. ते अजून मनातून जात नाही.

भाच्याला इटलीतल्या मोंते लुसारी डोंगरावरचा किस्सा मात्र जरूर सांगा. मे 2023, जिरोचा विसावा दिवस, पुन्हा टाइम ट्रायल. रोग्लिच एकूण वेळेत आघाडीवरच्या गेरेंट थॉमसच्या 26 सेकंद मागे. शेवटच्या उभ्या चढावर खडबडीत जागी त्याची चेन उतरली. तो खाली उतरला, हाताने चेन बसवू लागला, मागून मेकॅनिक धावत आला. पण तशा चढावर थांबलेली सायकल पुन्हा चालू करणं महाकठीण. गर्दीतल्या एकाने पाठीला हात लावून त्याला ढकलत नेलं. तो होता मित्या मेझ्नार, 2007 च्या त्याच ज्युनिअर संघातला जोडीदार. आणि तार्विझिओ त्या डोंगराच्या पायथ्याशीच आहे! रोग्लिचने तो दिवस जिंकला आणि जिरो 14 सेकंदांनी.

सध्या शर्यतीत नाव घालायची घाई नको. भाच्याला मोकळ्या रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून चालवायला सांगा. पट्टी न सोडता एका हाताने बाटली काढायची, पाणी प्यायचं, खाली न बघता परत ठेवायची. दहापैकी दहा वेळा जमलं की इथे कळवा. आम्ही रविवारी पहाटे साडेपाचला स्वारगेटवरून निघतो, पहिले काही महिने तो माझ्या शेजारी चालवेल.