जुन्या बाईकचा निळा धूर आणि हेडजवळची टिकटिक: इंजिन खोलायच्या आधी काय तपासावं?

सकाळी गाडी सुरू केली की हेडजवळ (इंजिनच्या वरच्या भागाजवळ) टिकटिक वाजतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि मेकॅनिक थेट इंजिनकाम काढायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. मला हे दोन वेगळे बिघाड वाटतात. दोन्ही बऱ्यापैकी घरीच ओळखता येतात. गाडी फोर-स्ट्रोक आहे असं धरून लिहितोय. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑईल जळतंच.

आधी आवाज. इंजिन तापल्यावर टिकटिक कमी होत असेल तर बेंड पाईप (इंजिनमधून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाईप) हेडला जिथे बसतो तिथलं गॅस्केट (जोड हवाबंद ठेवणारी चकती) बघा. धातू तापून फुगतो आणि फट मिटते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांचा) आवाज सहसा तापल्यावरही राहतो. जोडाभोवती काळी काजळी दिसली, किंवा ॲक्सिलेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होत असेल, तर संशय आणखी बळावतो. इंजिन पूर्ण गार असताना जोडावर साबणाचं पाणी लावून गाडी सुरू करा, बुडबुडे लगेच दिसतील. हे उघड्यावरच करा, बंद गॅरेजमध्ये नको. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. नट आवळायचे तर गार इंजिनवर, दोन्ही बाजू आलटून पालटून, थोडे थोडे. गंजलेल्या स्टडवर (नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांड्यावर) जोर कराल तर तो हेडमध्येच तुटेल आणि मग खरंच मोठं काम निघेल.

आता धूर. निळा म्हणजे ऑईल जळतंय. तो सायलेन्सरच्या तोंडातूनच येतोय ना? टॅपेट कव्हरमधून गळलेलं ऑईल तापलेल्या पाईपवर पडूनही धूर होतो आणि लोक उगाच रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) बदलतात. ऑईलची पातळी वरच्या खुणेच्या वर नाही ना, तेही बघा. जादा ऑईल ब्रीदरमधून (इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर बॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) जातं आणि जळतं.

यानंतर महत्त्वाचं म्हणजे धूर *कधी* येतो. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना एक लोट सोडला आणि मग साफ, किंवा उतारावर ॲक्सिलेटर सोडून पुन्हा दिल्यावर धूर आला, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑईल आत जाऊ न देणारं रबर) गेलंय. चढावर, लोडवर, सतत येत असेल तर रिंग किंवा बोर (सिलेंडरची आतली भिंत) झिजलेत. थंडीत सुरुवातीला येणारी पांढरी वाफ सोडून द्या.

शंका उरलीच तर ॲक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजा, मग प्लगच्या भोकातून साधारण 5 मिली ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा झिजल्यात. कमीच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. खराब सील मात्र या चाचणीत दिसत नाही, त्यामुळे कॉम्प्रेशन उत्तम आणि तरी सकाळचा धूर, असं असेल तर सीलच धरा.

तुमच्या वर्णनावरून मी आधी गॅस्केट आणि सील एवढंच करेन. हेड उतरवलंच तर व्हॉल्व्ह गाईडमध्ये (त्याची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात) हलतोय का ते तपासायला सांगा, कारण झिजलेल्या गाईडवर नवं सील फार टिकत नाही.