मायचा ऑस्टिओकॅल्सिन सातचा एकवीस झाला, गोळी बंद करू का?

प्रश्न: सर, आम्ही पांढरकवड्याकडले. माय ६३ वर्षांची, मे महिन्यात अंगणात घसरली अन् मनगट मोडलं. तेव्हा गावाजवळच्या सेंटरवर दुपारी २ वाजता रक्त दिलं, डबा संध्याकाळच्या एसटीनं गेला, ऑस्टिओकॅल्सिन (रक्तातलं हाडाचं प्रोटीन) ७ आला. मग डॉक्टरनं हाडाची आठवड्याची गोळी सुरू केली. आता पोळ्यानंतर नागपूरले तपासलं तर २१. गोळीनं आकडा कमी व्हायला पाहिजे म्हणतेत, इथं तिप्पट होऊन राहिला. बंद करू का?

उत्तर: भाऊ, गोळी बंद करू नका, आधी दोन्ही रिपोर्टचा खालचा बारीक अक्षरातला भाग वाचा, तुम्ही फोटो पाठवले म्हणून बरं झालं. मेच्या रिपोर्टवर पद्धत 'इंटॅक्ट' लिहिली आहे, नागपूरच्यावर 'एन-मिड', म्हणजे तुम्ही पायली अन् किलोची तुलना करून राहिले.

हाड बांधणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन हे प्रोटीन बनवतात, ४९ अमिनो अ‍ॅसिडची माळ असते. तपासणीच्या किटमध्ये दोन अँटीबॉडी, म्हणजे प्रोटीनला धरणारे रेणू असतात, दोघींनी एकाच माळेला धरलं तरच ती मोजली जाते. आता बैल समजा, इंटॅक्टमध्ये एकानं वेसणीकडून धरायचं अन् दुसऱ्यानं शेपूट. पण रक्तात ही शेपूट ४३व्या अमिनो अ‍ॅसिडनंतर सहज तुटते, मग बैल उभा असला तरी मोजणीत येतच नाही. एन-मिडमध्ये दोघंही शेपटीच्या अलीकडेच धरतात म्हणून तुटका बैलही मोजला जातो अन् आकडा मोठा दिसतो.

त्यात तुम्हीच लिहिलं की मे महिन्यात दुपारी २ वाजता रक्त काढलं अन् डबा संध्याकाळच्या एसटीनं गेला. आपल्याकडचं मेचं ऊन, बर्फ किती वेळ टिकला असेल देव जाणे. गरमीत काही तासांतच पूर्ण माळा तुटायला लागतात. शिवाय त्या रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा आहे, म्हणजे सीरम (रक्तातला वरचा पातळ भाग) पिवळसर असायला पाहिजे ते लालसर होतं, फुटलेल्या लाल पेशींमधून जे बाहेर येतं तेही हे प्रोटीन तोडतं. असं सॅम्पल परतच पाठवायला पाहिजे होतं, माझं स्पष्ट मत. अन् दुपारी ही पातळी तशीही पहाटेपेक्षा कमीच असते. तेव्हा तो ७ धरूच नका.

२१ वरूनही एकट्यानं काही ठरत नाही. हाड मोडल्यावर असे मार्कर, म्हणजे हाडातली घडामोड दाखवणारे रक्तातले आकडे, काही महिने वर राहू शकतात, किडनी कमजोर असली तरी ऑस्टिओकॅल्सिन चढतो, म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहून घ्या. हाडं किती ठिसूळ ते हाडाची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन सांगतो. अन् गोळी लागू पडते का हे पाहायला पी१एनपी किंवा सीटीएक्स हे रक्तातले दुसरे हाडाचे मार्कर जास्त कामाचे, डॉक्टरांना विचारून तेच करा, पण दर वेळी एकाच लॅबमध्ये, सकाळी उपाशीपोटी.

अन् एक, माय ती गोळी चहासोबत तर नाही न घेत? उठल्यावर उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. हे आधी विचारा मायले.