जळगाव–कोल्हापूर: ४९६ किलोमीटर बरोबर, ३७ मिनिटं चूक

आईवडिलांना जळगावहून कोल्हापूरला विमानाने पाठवायचंय, तुम्ही मुंबईत, आणि साइटवर ‘अंतर ४९६ किमी, उड्डाण ३७ मिनिटे’ असं दिसतंय. यावर भरवसा ठेवावा का, असा तुमचा प्रश्न. अंतरावर ठेवा, वेळेवर नको. शिवाय अशी पानं कुठल्याही दोन विमानतळांसाठी आपोआप तयार होतात. पान आहे म्हणजे थेट विमान आहे असं नाही.

अंतर कागदावर पडताळता येतं. जळगाव २०.९६ उत्तर, ७५.६३ पूर्व. कोल्हापूर १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व. अक्षांशातला फरक ४.३० अंश, गुणिले ११०.७ (अक्षांशाचा एक अंश इतके किमी भरतो), म्हणजे ४७६ किमी. रेखांशातला फरक १.३४, पण आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किमीच भरतो, म्हणून १४१. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: ४९६. इथे १०५ च्या जागी विषुववृत्तावरचे १११ धरले तरी दोन-तीन किलोमीटरच चुकतात. मुंबई–नागपूरसारख्या पूर्व-पश्चिम मार्गावर मात्र हीच चूक चाळीसेक किलोमीटरची होते. एककही बघून घ्या. हेच अंतर २६८ नॉटिकल मैल किंवा ३०८ साधे मैल असंही लिहिलेलं सापडेल.

३७ मिनिटं आली ती ४९६ ला जेटच्या ताशी ८०० किमी वेगाने भागून. छोट्या विमानतळांवर बहुधा एटीआर ७२ हे पंख्याचं छोटं विमान असतं, ते ताशी ५०० च्या आसपास उडतं. म्हणजे इथेच तास झाला. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आणि जायचंय दक्षिणेला, त्यामुळे वळणात काही किलोमीटर जातात. हवेत सुमारे १ तास १० मिनिटं धरा. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, ती १ तास २० ते २५ मिनिटं होईल. वारा बहुतेक आडवा लागतो, त्याने फार फरक पडत नाही.

थेट विमान नसेल तर मुंबईमार्गे ३५५ अधिक ३०८, एकूण ६६३ किमी. इथे खरा वेळ मुंबईत जातो. दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅगा घ्यायच्या, बाहेर पडायचं, पुन्हा चेक-इन आणि सुरक्षा तपासणी. काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो. टर्मिनल वेगळं असेल तर मधला प्रवास रस्त्याने, आणि सहार–विलेपार्ले परिसरातली संध्याकाळची गर्दी तुम्हाला माहीतच आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान आकाशात घिरट्या घालत राहतं. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं सुटलं, तर वेगळ्या तिकिटाचे पैसे सहसा बुडतात, आणि छोट्या गावाला त्या दिवशी दुसरं विमान बहुधा नसतं. म्हणून एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) दोन्ही विमानांचं तिकीट मिळालं तर ते घ्या. नाही मिळालं तर मध्ये किमान चार तास ठेवा. पावसाळ्यात सरळ एक रात्र तुमच्याकडे मुक्काम करू द्या.

वेळा जुळल्याच नाहीत, तर गोंदिया–कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस जळगावला थांबते. वेळ जास्त लागतो, पण गाडी बदलावी लागत नाही. दोघांसाठी खालचे बर्थ हवे असतील तर आरक्षण लवकर करा.