पगार आहे, पद आहे. मग कामाची ओढ कुठे गेली?

“सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे, सहयोगी प्राध्यापकपद आहे, तरी सकाळी विभागात जायचे जिवावर येते. मी आळशी झालोय का, मॅडम?” माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या, कोल्हापुरातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांचा हा प्रश्न. उच्च शिक्षणातले अनेक जण तो थोड्याफार फरकाने विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

झोप, भूक आणि मनःस्थितीची चौकशी करून नैराश्याची शक्यता आधी पडताळली. तशी लक्षणे नव्हती. मग पंधरवडाभर प्रत्येक काम, त्याला लागलेला वेळ आणि नंतरची मनःस्थिती वहीत टिपायला सांगितले. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली, पदोन्नतीच्या अर्जाची प्रमाणपत्रे, परिपत्रकांची उत्तरे, या सगळ्यांपुढे एकच शब्द होता: ‘दमलो’. एका रविवारी मात्र ते एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना घेऊन पन्हाळ्याला गेले होते. एका मुलीने नेच्याचे (फर्नचे) पान उलटे करून भिंगाखाली धरले आणि बीजाणुधानींच्या (बीजाणूंच्या पिशव्यांच्या) मांडणीवरून सरांशीच वाद घातला, हे त्यांनी पानभर लिहिले होते. वेळेचा रकाना तेवढा कोरा राहिला होता.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये मांडले की पगार आणि सेवाशर्ती असमाधान कमी करतात, पण कामाची गोडी कामातूनच येते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या 1971 च्या प्रयोगात, कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा मोकळ्या वेळातला कोड्यांचा नाद पैसे थांबल्यावर ओसरला. आपल्याकडे 2010 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमावलीने एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामगिरीचे गुण, आणले, तेव्हापासून ‘या विषयात काय शोधायचे’ याऐवजी ‘याचे गुण किती’ हा प्रश्न आधी येऊ लागला, असे माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांच्या बोलण्यात येते. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे सांगितलेल्या तीन गरजा, म्हणजे स्वतः निवडण्याची मोकळीक, कौशल्य वाढत असल्याची जाणीव आणि माणसांशी जोडलेपण, या तिन्ही त्या रविवारच्या पानावर होत्या.

फायलींसाठी ठरावीक दुपार राखून ठेवायची आणि पन्हाळ्याच्या नेच्यांची यादी गुणांचा हिशेब न करता करायची, एवढेच आम्ही ठरवले. फायलींबद्दलची त्यांची चिडचिड अजून आहे, आणि ती रास्तच आहे.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मात्र हा सल्ला मी देत नाही. ज्यांचे मानधन महिनोन्‌महिने रखडते, त्यांच्याशी आधी पैशांचेच बोलावे लागते.