आधी किल्ली घ्या

‘ताई, डॉक्टरांनी यांना आठ महिने दिलेत, फार तर नऊ. यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “सकाळी की दुपारी?” घरी आल्या आल्या टेप काढून जिन्याचं वळण मोजलं, स्ट्रेचर फिरेल की नाही ते बघायला. पेपरची वर्गणी दरवर्षी बारा महिन्यांची भरायचे, यंदा सहाच महिन्यांची भरली. मी म्हणते, आता तरी मोकळे व्हा, समुद्रावर जाऊ, उशिरापर्यंत लोळा. पण 5:40ला उठायचं, फेरी मारायची, रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायची, हेच चालू. किल्ली माझ्यापुढे धरतात, मी “नंतर” म्हणते. या माणसाला चाकोरीतून बाहेर कसं काढू?’

बाई, काढूच नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा सवयींवरचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. साधीशी नवी सवय अंगवळणी पडायला त्यात साधारण 66 दिवस लागले. म्हणजे आठातले दोन महिने त्यांनी लोळायला शिकण्यात घालवायचे?

(आणि स्ट्रेचर फिरतं का हो? तेवढंच लिहायचं राहिलंय.)

सगळ्या पत्रात किल्लीला तुम्ही एक ओळ दिलीत, तीही तक्रारीच्या ओघात. मी तिथेच अडकले. ते किल्ली तुमच्यापुढे का धरतात, हे तुम्हाला पहिल्याच रविवारी कळलंय. समुद्रावर ती किल्ली नसते, म्हणून तुम्हाला समुद्र आठवतो. मोकळं व्हायचंय ते तुम्हाला, आणि त्याचं बिल त्या बिचाऱ्याच्या चाकोरीवर फाडताय. मला तुमचा राग आलाय, लपवत नाही.

असली घड्याळं बहुधा आठ दिवसांची असतात. किल्ली सातव्या दिवशी द्यायची, आठवा दिवस विसरभोळ्यांसाठी. तबकडीवर दोन भोकं असतील, तर एक वेळेचं आणि एक ठोक्यांचं. ठोक्यांचं राहिलं तर घड्याळ चालतं, फक्त बोलत नाही. तुमच्या घरात सध्या तेच चाललंय.

आठ महिन्यांत रविवार जेमतेम 35. त्यातले किती ‘नंतर’मध्ये गेले, मोजा.

येत्या रविवारी हात पुढे करा. स्टुलावर तुम्ही चढा, स्टूल त्यांना धरू दे. किती फेरे, कमान भरली हे हाताला कसं कळतं, सगळं विचारा. बंद पडलेल्या घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नाहीत, पुढेच न्यायचे, मध्ये ठोके पडतील तिथे थांबायचं, हे ते सांगतील. ठाऊक असलं तरी सांगू द्या. हात थरथरला तर ते ओरडतील, ‘अहो, हळू!’ ओरडू दे. रडू आलं तर वरच, स्टुलावर रडा. खाली उतरायची घाई नको.

समुद्राचं मग बघू. फेरे किती झाले ते मला कळवा, आणि जिन्याचंही.